पीच रंगाच्या भिंती

आत्याने अठ्ठावीस वर्षं फोटोंच्या लॅबमध्ये रंग तपासले. यंत्रातून पडलेला फोटो हातात आला की ती न अडखळता सांगे, "लाल दोन पॉइंट उतरव." भाऊ शिकला तो तिच्या पगारावर. पण तो विषय आता कुणी काढत नसे, आणि तिनेही कधी काढलं नव्हतं.

भावाला सत्तर पूर्ण होणार, म्हणून भाच्याने फोटो छापायचं मशीन आणलं आणि जागा नाही म्हणून ते आत्याच्याच खोलीत ठेवलं.

"घे, आता घरची लॅब! बाबांच्या फोटोच्या चाळीस प्रती छाप. रविवारी पाहुण्यांना एकेक द्यायचा."

आत्या पदर खोचून बसली. दहा फोटो मनासारखे झाल्यावर ती ते घेऊन हॉलमध्ये आली.

"अगंबाई! बाबा फ्रिजमधून काढल्यासारखे दिसतायत हो, आत्या!" घरची सून, भाच्याची बायको, खिदळली.

भाचा हसला नाही. आवाज उतरवून म्हणाला, "डोळे दाखवून घेऊया का? या वयात होतंच." ज्याचा चेहरा निळा पडला होता तो भाऊ पेपर वाचत राहिला.

डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा बरे." तिने घरी येऊन तसं सांगितलं, तर सून म्हणाली, "डॉक्टर धीर द्यायला म्हणतातच तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एक फोटो घेऊन जिन्याच्या सिमेंटच्या भिंतीशी उभी राहिली. निळा! खोलीत आणला, तर छान गव्हाळ. पुन्हा जिना, पुन्हा खोली. तिसऱ्या फेरीला तिने फोटो सोडून भिंतींकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. गेल्या वर्षी ती महिनाभर मैत्रिणीकडे गेली असताना सुनेने तिला न विचारता या खोलीला पीच रंग दिला होता. खिडकीतला उजेड त्या भिंतींवर आपटून गुलाबी होऊन कागदावर पडत होता, आणि फोटोत नसलेला लालपणा आत्या इमानेइतबारे काढून टाकत होती. लॅबमधली तपासणीची खोली वरपासून खालपर्यंत राखाडी होती. लाल साडी नेसून आलेल्या पोरींना वरून राखाडी एप्रन घालायला लावणारी हीच!

जेवताना ती म्हणाली, "एक भिंत राखाडी करून घेऊ या का?"

"घर आहे की गोदाम?" सून म्हणाली.

भाच्याने घसा साफ केला. "आत्या, तो रंग मुद्दाम दिलाय. पुढेमागे आम्हाला बाळ झालं की ती खोली त्याचीच होणार ना."

"आणि मी?"

"बघू की! तुला काय टाकून देतोय का आम्ही?"

सगळे हसले. भाऊही.

जेवण आटोपून आत्याने कपाटातल्या दोन राखाडी चादरी भिंतींवर टांगल्या, तिसरी टेबलाभोवती गुंडाळली आणि दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस फोटो नव्याने छापले. लॅबच्या सवयीने रंगांचे आकडेही मशीनमध्ये साठवून ठेवले.

रविवारी पाहुणे विचारत होते, "कुठल्या स्टुडिओत केले?"

"घरीच! मशीनच भारी आहे, सगळं आपोआप," भाचा सांगत होता. तीन फोटो कमी पडले, तेव्हा तो आत गेला, बटण दाबलं आणि हुबेहूब तसेच तीन घेऊन आला. आत्याचेच आकडे होते ते. "बघ, माझ्याही हातून जमलं! तू उगाच चादरी टांगून घर डोक्यावर घेतलंस."

भावाचा एक जुना मित्र त्याला म्हणाला, "तुझी बहीण याच कामात होती ना रे?"

"होती," भाऊ अगदी मायेने म्हणाला. "आता बिचारीला रंग कळत नाहीत."

आत्या चहाचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. भावाने फोटोतलाच शर्ट घातला होता, फिकट मोरपिशी. ती अंगावरच्या शर्टाकडून मित्राच्या हातातल्या फोटोकडे पाहत राहिली. रंगात तसूभरही फरक नव्हता.