रश्श्यात गेलेला नमुना

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळतो. बाटल्या धुतो, उंदरांना दाणे घालतो आणि कोणी ऐकत असेल तर लशीवर व्याख्यानही देतो. लस म्हणजे शरीराला दाखवलेला चोराचा फोटो. पण शरीर आळशी. फोटो बघतं आणि कूस बदलतं. म्हणून सोबत एक बोंब मारणारा लागतो. अळिंबीच्या अंगात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या ही बोंब मारतील का, हे संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडमना उंदरांवर पाहायचं होतं.

त्यांना हव्या होत्या सात्या, म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आमच्याकडची अळिंबी. चार दिवस येते आणि गेली की वर्षभर तोंड दाखवत नाही. यंदा नमुना हुकला तर मॅडमचं अख्खं वर्ष वाया.

मी छाती ठोकून सांगितलं, "सावली गावची माझी वहिनी आणून देईल." फोन केला, तर वहिनी म्हणाली, "या ना भाऊजी, मॅडमलेही आणा."

आम्ही बर्फाची पेटी घेऊन पोचलो. वहिनीने बसवलं आणि ताटात वाढला सात्यांचा लालभडक रस्सा.

"वहिनी, कच्च्या कुठी आहेत?"

"पाव्हण्याले कच्चं देतेत का? साऱ्या रश्श्यात टाकल्या."

मॅडमचा चेहरा उतरला. माझा घास मात्र थांबला नाही, हे कबूल करतो. मॅडमनी हळूच समजावलं, की प्रयोगशाळेत सात्या नुसत्या पाण्यात उकळून अर्क काढतात.

"म्हणजे तुम्ही बी शिजवताच. मंग माह्या रश्श्याले काऊन नावं ठेवून राह्यल्या?"

"यात मिरची आहे, वहिनी. उंदीर मिरचीनेच जागे झाले, तर सात्यांनी काय केलं ते मला कसं कळणार?"

हे मात्र वहिनीला पटलं. ती पदराला हात पुसत उठली. "चाला. पण फोन इथीच ठेवा." आमच्याकडे सात्यांचं वारूळ कोणी कोणाला दाखवत नाही. मीही उठलो.

"तुम्ही बसा भाऊजी. भांडे घासा, सवय आहे तुमाले."

तासाभराने दोघी टोपली भरून परतल्या. पेटी भरली, मॅडमचं वर्ष वाचलं. नमुन्याच्या कागदावर जागेपुढे त्यांनी लिहिलं, 'सावलीजवळ, वहिनींचं वारूळ'.

उंदरांचा निकाल अजून यायचा आहे. वीस वर्षं दीर असून मला न दिसलेलं ते वारूळ कुठे आहे, हे मी मॅडमना रोज विचारतो. त्या मान वर न करता म्हणतात, "आधी बाटल्या धुवा."