मस्टँग पुसणारा माणूस

जयपूरला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात साठच्या दशकातली लाल अमेरिकन मस्टँग उभी होती आणि तिच्याशेजारी तिच्याहून ताठ तिचे मालक. मालवीय नगरहून मी मुद्दाम तिच्यासाठी आलो होतो. मालक एकेक खुबी सांगत होते. पेट्रोलचं झाकण मागे, अगदी मधोमध. पुढच्या जाळीवरचा घोडा डावीकडे धावणारा. मग दाराच्या मागे पत्र्यात असलेल्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, इथून आत हवा जाते, ब्रेक थंड राहतात. मी जाणकारासारखी मान डोलावली.

चाकाशी उकिडवा बसून गाडी पुसणारा किडकिडीत माणूस मान वर न करता म्हणाला, "वो तो बंद है, साहब. रोज पोंछता हूँ. हवा जाती, तो धूल भी जाती."

मी वाकून पाहिलं. आत नुसता पत्रा होता. मालकांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं.

तो परतला तोवर नवे पाहुणे जमले होते. ही खाच निव्वळ शोभेची आहे, असं मालक त्यांना सांगत होते. "बहुत कम लोग जानते हैं," ते म्हणाले. पाहुणे थक्क झाले.

त्याने बाटली दिली आणि उरलेलं चाक पुसायला घेतलं. मी बोलू शकलो असतो. पण मालक आता इंजिन सुरू करून दाखवणार होते आणि मला पुढची जागा सोडायची नव्हती.