वाटाण्याएवढा खडा

चिंचवडच्या एका शाळेत चित्रा नगरकरांनी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेचा धडा त्या फार रंगवून शिकवत. तोंड, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं रंगीत खडूंनी. शेवटचं नाव आलं की मात्र पोरं फिदीफिदी करायच्या आत फळा पुसून मोकळ्या.

निवृत्तीनंतर वर्षभरात दुखणं नेमकं तिथेच निघालं. शौचाला गेलं की काचेने चिरल्यासारखं व्हायचं, रक्त पडायचं. विज्ञानाच्या या बाईंनी दीड वर्ष कुणाला कळू दिलं नाही. मूळव्याध असेल असं स्वतःच ठरवून जाहिरातीतली चूर्णं खाल्ली. शेवटी एकदा संडासातून बाहेर येताना चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नवऱ्याला, अनंतरावांना, कळलं.

पिंपरीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "फिशर आहे. चीर जुनी झालीय, आता औषधाने भरणार नाही." अर्ध्या तासाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायचं, इसबगोल घ्यायचं, पाणी भरपूर, पालेभाज्या आणि सालासकट फळं खायची, एवढंच पथ्य.

अनंतरावांनी चाकणच्या कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटी सांभाळली होती. कुठल्या पार्टमध्ये कुठे दोष आहे हे बिनचूक लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरी येताच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'चित्राचे पित्ताशयाचे ऑपरेशन यशस्वी. आपल्या सदिच्छांबद्दल आभार.'

"अहो, पित्ताशय कुठे असतं माहीत आहे का?"

"पोटात. लोकांना तेवढं पुरतं."

"आणि माझं कुठे झालंय?"

"हळू बोल, खिडकी उघडी आहे."

सदिच्छा चालत घरी आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या इंद्रायणीताईंच्या बहिणीचं पित्ताशय काढलेलं, त्यामुळे या विषयातल्या अधिकारी त्याच. "पालेभाजी बंद, साल बंद. मऊ भात, टोस्ट आणि बिस्किटं," असं फर्मान काढून रोज डबा घेऊन त्या यायच्या आणि समोर बसून संपवायला लावायच्या. पित्ताशयवाल्या बाईला खुर्चीत बसायला काय हरकत? म्हणून चित्राबाई लाकडी खुर्चीत दात आवळून बसायच्या. बेल वाजली की अनंतराव टब उचलून गॅलरीत धावायचे. कुणी पाहिलाच तर म्हणायचे, "कुंड्या धुतोय."

चार दिवस मैदा आणि मऊ भात खाऊन व्हायचं तेच झालं. पाचव्या दिवशी सकाळी चित्राबाई पाऊण तास आत होत्या. त्यांचं कण्हणं शेजारी जाऊ नये म्हणून अनंतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आतून चित्राबाईंना ते ऐकू आलं. रडता रडता त्यांना इतका संताप आला, की दुखणं क्षणभर मागे पडलं.

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन भीमराज काळोखे आले. हिंजवडीजवळच्या माण गावची जमीन विकून इथे आलेला सधन गडी. इंद्रायणीताई डब्यासह आधीच हजर. खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, चाकणला वायरिंगच्या लाइनवर काम करणारी सायलीही दारात उभी होती.

"वहिनी, खडा केवढा निगाला?" भीमराजांनी विचारलं. "आमच्या मेव्हण्याचा हरबऱ्याएवढा व्हता."

"वाटाण्याएवढा," अनंतराव म्हणाले.

"ठिवलाय का? दावा की."

"तो... लॅबमध्ये दिलाय."

चित्राबाई खुर्ची धरून उठल्या. "खडा नव्हता. मला गुदद्वाराला चीर पडली होती, तिचं ऑपरेशन झालं. इंद्रायणीताई, तुमच्या टोस्टने आज सकाळी माझा जीव जायचा राहिला. आणि अहो, टब आणा. माझी बसायची वेळ झाली."

इंद्रायणीताईंनी डब्याचं झाकण लावलं. भीमराज पंख्याकडे बघत राहिले. अनंतराव मान खाली घालून गॅलरीत गेले आणि टब घेऊन आले.

पुढचे दोन दिवस घरी चिटपाखरू फिरकलं नाही. पित्ताशयाला मिळणारी माया एवढ्या खाली उतरत नसावी. चित्राबाईंनी शांतपणे पेरू खाल्ले, पालक खाल्ला, वेळेवर टबात बसल्या.

तिसऱ्या दिवशी भीमराजांचा फोन आला. "वहिनी, त्या डाक्टरचा नंबर द्या. मेव्हण्याला पायजे."

"पाठवते. मेव्हण्यांना सांगा, लाजत बसू नका. मी दीड वर्ष लाजले."

"व्हय," मेव्हणे स्वतःच म्हणाल्यासारखं भीमराज म्हणाले आणि फोन ठेवला.

सायली मात्र आडून बोलली नाही. सरळ येऊन जमिनीवर तिरकी बसली. "काकू, मलापण तेच आहे. तीन महिने झाले."

"पाणी पितेस का नीट?"

"शिफ्टला पीतच नाही. लाइनवर आम्ही पस्तीस पोरी आणि संडासला जायचे पास दोन. सुपरवायझर घड्याळ बघून सोडतो."

चित्राबाई अजून जपून चालत होत्या, तरी दुसऱ्याच दिवशी रिक्षात एका अंगावर कलून बसून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चीर ताजी होती, मलम आणि औषधाने भागणार होतं. "पाणी भरपूर प्या," डॉक्टर म्हणाले.

"पिणं माझ्या हातात आहे सर," सायली म्हणाली. "पुढचं सुपरवायझरच्या."

"मग तसं लिहून द्या," चित्राबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "आजाराचं नाव स्पष्ट घाला. पोटाचा विकार वगैरे नको."

ती चिठ्ठी वाचताना सुपरवायझर कानापर्यंत लाल झाला म्हणे. त्याने सायलीला हवं तेव्हा जायची मुभा दिली, पण हे कुणाला सांगू नकोस म्हणाला. तिने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लाइनला सांगितलं. महिनाभरात अकरा जणींनी तशाच चिठ्ठ्या नेऊन दिल्या. तोवर चित्राबाईंची जखम भरली होती. वरून मॅनेजर आले, बैठक झाली, चहा झाला, आणि कंपनीने मोठ्या मनाने तिसरा पास काढला.