आत्या नावाचं मशीन

ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणत. वयानं तो सगळ्यांत मोठा होता, आणि कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्यात होतंच कोण, तर तो आणि मालकीण. मालकीण म्हणजे त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, कामाला वाघ. छपाईच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि डोक्यात शिरलेली एकच कल्पना: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करून गोळीची आठवण करून द्यायची. फोन माणूस करणार नाही, मशीन करणार.

मशीन विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. क्लाउड म्हणजे लांब कुठल्यातरी इमारतीत दुसऱ्याच्या मालकीची हजारो मशीनं, त्यातलं एक तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळतं. दहा मिनिटांत ते मिळालंही. पडद्यावर मशीनचं नाव विचारलं होतं. दादानं लिहिलं, आत्या.

आई गेल्यावर त्याला आत्यानंच वाढवलं होतं. पहिलं गिऱ्हाईकही तीच, कारण हक्काचं दुसरं होतं कोण? मालकिणीचा घसा बसला होता म्हणून आवाज दादाचा घातला. बाकीच्यांसाठी अदबीनं "घेतलीत का?" आणि आत्यासाठी खास वेगळा निरोप: "आत्या, गोळी घेतलीस का? घेतली असशील तर एक दाब." रोज सकाळी आठला तिच्याकडे फोन वाजायचा. ती गोळी गिळायची, एक दाबायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकोनात बरोबरची खूण करायची.

मशीनं वाढली तशी नात्यांनीच भरत गेली. मावशी आली, काकू आली, आजोबा आले. "आजोबांनी सकाळपासून मान टाकलीये, बघा जरा," असं मालकीण ओरडली की नवीन आलेला माणूस दचकून पाण्याचा ग्लास घेऊन धावायचा.

मग धंद्यानं असं काही अंग धरलं की नाती पुरेनात. फोन करणारी मशीनं साडेसातला चार असायची, आठच्या ठोक्याला आपोआप साठ व्हायची आणि दहाला पुन्हा चार. हवी तेव्हा घ्या, नको तेव्हा सोडा. ही सोय नसती तर खोलीतली कंपनी खोलीतच राहिली असती. ती चार वर्षांत अख्ख्या मजल्यावर पसरली. दादानंच नियम केला की यापुढे नावं बंद, सगळ्यांना नंबर. आत्याची झाली चारशे सतरा.

आवाजही बदलला. एका निवेदिकेचा गोड आवाज आला आणि सगळी जुनी गिऱ्हाइकं नव्या मशीनांवर गेली. आत्यानं मात्र नवा फोन आदळून ठेवला. "कोणीतरी बाई होती रे. मला म्हणते, गोळी घेतलीत का. हिला काय करायचंय?" दादा हसला. तिच्या एकटीचा फोन त्यानं जुन्या मशीनवरच ठेवला. नंतर बघू म्हणाला, आणि विसरला. खरं सांगायचं तर आत्यालाच तो जरा विसरला होता. वर्षातून दोनदा जाणं व्हायचं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "रोज फोन होतोच की आमचा." हे तो चेष्टेत म्हणायचा, पण हळूहळू त्याला ते पटलंही होतं.

सहाव्या वर्षी मालकिणीनं फर्मान काढलं, "दादा, भाड्याची निम्मी मशीनं नुसती बसून आहेत. कशासाठी घेतली होती ते कोणालाच माहीत नाही. साफ करा."

यासाठी दादाची एक पद्धत होती. तिला ऑफिसात बोंब म्हणत. ज्या मशीनचा वाली सापडत नाही ते बंद करायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. कोणाचं काही अडलं तर तो बोंब मारत येईलच. आला तर मशीन पुन्हा चालू, नाही आला तर सोळाव्या दिवशी कायमचं पुसून टाकायचं.

सोमवारी त्यानं एकोणतीस मशीनं बंद केली. त्यांत चारशे सतरा होतं. नंबर बघून त्याला काहीच आठवलं नाही. हिशेबाच्या मुली तासाभरात बोंबलत आल्या, त्यांचं मशीन परत मिळालं. चारशे सतरासाठी कोणी आलं नाही. सोळाव्या दिवशी त्यानं ते पुसलं. मालकिणीनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

त्यानंतर तीन दिवसांनी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आत्या फोनजवळ पडलेली सापडली होती. दादा पोचला तोवर तिला इस्पितळात हलवलं होतं. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. "रक्तदाबाची गोळी बंद केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. दादा छातीठोकपणे म्हणाला, "छे, रोज घेते."

कपडे आणायला तो तिच्या घरी गेला. कॅलेंडरवरच्या खुणा एका रविवारी संपल्या होत्या. पुढचे सगळे चौकोन कोरे. त्यानंतरचा सोमवार कुठला हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो फोनजवळच्या तिच्या खुर्चीत बसला.

शेजारीण म्हणाली, "रोज आठला हीच खुर्ची ओढून बसायच्या. हातात गोळी घेऊन. मी म्हटलं, अहो, तुम्हीच लावा ना फोन त्याला. तर म्हणाल्या, कामात असेल तो, उगाच कशाला त्रास. मग गोळी तशीच राहायची."

जन्मात कधी बोंब न मारलेली बाई होती ती. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाही घरी आल्यावर सांगितलं होतं तिनं. सगळ्या जगात हे दादाला एकट्याला माहीत होतं.

मशीन गेलं होतं, पण फोनच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या शाबूत होत्या. त्यानं लॅपटॉप उघडला. बाकीच्या लोकांचे जुने फोन आठ सेकंदांचे, दहा सेकंदांचे होते. आत्याचे सगळे तीन मिनिटं पन्नास सेकंदांचे होते. कोणी एक दाबलं नाही तर चार मिनिटांनी लाइन कापायची, असं त्यानंच ठरवलं होतं. आत्याला ते अनुभवानं कळलं असणार. ती तोवर बोलत राहायची आणि लाइन तुटायच्या आत एक दाबायची. सहा वर्षं, रोज. काय बोलायची ते कुठेच नव्हतं. मशीनला ऐकायला शिकवलंच नव्हतं. दादाला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या खाटेशी बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. नर्सनं गोळी बारीक करून पाजली होती.

"आत्या, गोळी घेतलीस का?" तो म्हणाला.

तिचे डोळे उघडले. डावा हात हलला. दादानं आपला हात पुढे केला, पण तिनं तो धरला नाही. तिचा हात त्याला ओलांडून बाजूच्या टेबलावर गेला आणि चाचपडू लागला. ग्लास कलंडला, पाणी सांडलं. ती फोन शोधत होती. हा आवाज कुठून येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दादानं आपला मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला. ओठ हलू लागले, शब्द एकही उमटला नाही. बऱ्याच वेळानं तिनं मोबाइल खाली घेतला आणि अंगठ्यानं काळ्या काचेवर एकदा दाबलं.