एकशे पाच वाती

मैत्रिणींनो, आज लेकीच्या वर्गात जाऊन आले. आमची रुतू तिसरीत आहे आणि एकशे पाच लिही म्हटलं की १००५ लिहिते. मी रोज वीसदा लिहून घ्यायचे, तशी गणिताच्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं.

बाईंनी मोजता येईल अशी घरची वस्तू मागवली होती. लाखवातीच्या नेमासाठी वळलेल्या वाती मी देवाला सांगून नेल्या.

रुतूनं फळ्यावर १००५च लिहिलं. बाईंनी तीन वाट्या मांडल्या: शतक, दशक, एकक. रुतूनं शंभर वातींची जुडी पहिलीत ठेवली आणि पाच सुट्या वाती शेवटच्या वाटीत.

शेजारची शबाना म्हणाली, "बीचवाली खाली है, उचल ना."

"ए नाय! उचलली तर पंधरा होतील!"

एवढं ओरडून रुतू थबकली. वाट्या मोजल्या, फळ्यावरचे आकडे मोजले आणि एक शून्य स्वतःच पुसलं.

कामतघरला आमच्या घरी परतताना रिक्षात म्हणाली, "आई, आज वीसदा लिहायचं?"

"नाही गं. आज वाती वळू."

तुमच्या घरीही एखादं १००५ अडून बसलं असेल, तर वही मिटा आणि वाट्या काढा. तुम्ही त्यात काय मोजाल?