दोन भात्यांची गाडी

आमच्या भागात गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारतात. कुणाची? आणि ॲव्हरेज किती देती? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. "काकांची," म्हणायचं आणि काच वर करायची. दुसऱ्याचं खरं उत्तर द्यायला काकांनी मनाई केली होती. "चालवणाऱ्यावर असतं, एवढंच सांगायचं. खरा आकडा ऐकला तर लोक आपल्याला येडं समजतील."

काका सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, शिकले आणि तिथंच नोकरीला लागले. कायमचे परत आले तेव्हा सामानाबरोबर जहाजातून ही गाडी घेऊन आले. आईला वाटलं होतं, मोठा टीव्ही आणतील.

गाडी राखाडी, जमिनीला टेकलेली आणि भलती लांब. छत मागच्या टोकापर्यंत सरळ गेलेलं. वेगळी डिकी नाहीच, मागच्या सीटच्या पाठीमागं एक अख्खी खोली. परदेशात अशा गाडीला इस्टेट म्हणतात. पहिल्याच दिवशी शेजारचे आजोबा तिच्याभोवती चक्कर मारून म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पर मागं ही ओसरी कशाला काढली?" त्यांच्या सुनेनं ठरवून टाकलं की ती पेशंट न्यायची गाडी असणार.

इंजिनाबद्दल आईनं विचारलं, तेव्हा काकांनी लोहाराचा भाता समजावून सांगितला. भात्यानं हवा मारली की विस्तव फुलतो, तसं इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राला टर्बो म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच तो भाता फिरवतो, आणि आपल्या गाडीला असे दोन आहेत. आईनं तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. कुणी विचारलं की ती सांगायची, "दोन भात्यांची हाय."

आमचं गाव सोनारीच्या अलीकडं. मी परंड्याला बँकेत काचेमागं बसते. लहानपणापासून सोलापूरला इंग्रजी शाळेत आणि वसतिगृहात राहिल्यामुळं मला दोन्ही भाषांत गप्प बसता येतं. अशा मुलीच्या हातात अशी गाडी देणं हा काकांचा विनोदच होता. मला कुणी बघू नये असं वाटतं आणि ही गाडी चौकात आली की चहावाल्याचा हात गाळणीवर थांबतो.

पण काकांना चालवायला शिकवायची हौस होती आणि घरात नाही म्हणता न येणारी मी एकटीच होते. नव्या रस्त्यावर त्यांनी एकदा सांगितलं, "आता दाब." मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाठीमागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसं झालं आणि कडेच्या बाभळी एकमेकींत मिसळून गेल्या. मी ओरडले. काका म्हणाले, "आवाज आहे की तुला!"

त्यानंतर काका घरी बसायचे आणि मी चालवायचे. गाडीचे नखरे सगळे पाठ झाले. तिला लागणारं भारी पेट्रोल सोलापूरच्या एकाच पंपावर मिळायचं. गावोगावी लोकांनी आपापल्या दारापुढं घातलेले गतिरोधक तिरक्या चालीनं ओलांडावे लागायचे, आणि आमच्या गावाजवळच्या एका उंचवट्याला तर सगळ्यांनी उतरायचं, गाडी रिकामी पार करायची आणि पुन्हा बसायचं असा रिवाज पडला. सोनारीच्या देवळापाशी माकडं छतावरच्या दांड्या धरून ओळीनं बसायची, जशी काही सीट बुक करून आली होती. आई गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. शेजारीण बांधते आणि आई काढत नाही.

त्या मागच्या ओसरीचा उपयोग मात्र गावाला माझ्याआधी कळला. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, जयंतीचे स्पीकर, तुरीची पोती आणि एकदा डॉक्टरकडं न्यायची गाभण शेळी. शेळीनं खिडकीतून सगळा रस्ता बघितला. काचेवरचे नाकाचे ठसे मी बरेच दिवस पुसले नाहीत.

सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच होती. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बो निवेपर्यंत थोडा वेळ चालू ठेवायचं, अशी काकांची सक्त ताकीद होती. त्या वेळात मी नुसती बसायचे. बँक संपलेली, घर अजून सुरू झालेलं नाही. आई दारातून ओरडायची, "आगं, उतर की! आत काय अंडी उबवतीस?"

मग काकांना पुण्यात नोकरी लागली. तिथल्या फ्लॅटखाली जेमतेम स्कूटर मावते. एका रविवारी जेवताना त्यांनी ताटावरून मान वर करून विचारलं, "गाडी ठेवायची कुणाला आहे का? नाहीतर विकून टाकू." पप्पा म्हणाले, "हत्ती आहे तो." आई म्हणाली, "भाजी घेता का?" मी भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, आणि तो विषय संपला.

गिऱ्हाईक हैदराबादकडचं निघालं. मध्ये भेटायचं म्हणून नळदुर्गजवळ हमरस्त्यावरचा एक ढाबा ठरला. काका, मी आणि आई निघालो. आईचं काही काम नव्हतं, पण "घरातलं माणूस चाललंय, सोडायला नको का?" असं म्हणून ती डबा घेऊन मागं बसली. सबंध रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. काका, मला वाटतं. काका, जर तुमची हरकत नसेल. प्रत्येक वेळी समोर ट्रक यायचा किंवा काका रेडिओचा आवाज वाढवायचे.

पोचलो तेव्हा गाडी धुळीनं पांढरी झाली होती. ढाब्याला लागूनच ट्रक धुणाऱ्याचं दुकान होतं. काका त्याला म्हणाले, "चकाचक करा, गिऱ्हाईक येतंय," आणि फोन आला म्हणून ढाब्यात शिरले. मी चहा आणायला गेले.

परत आले तर धुण्याचं मशीन बंद झालं होतं, गाडी आरशासारखी चमकत होती आणि हवेत डिझेलचा वास होता.

"बुडाला फवारणी मारली, ताई," तो माणूस खुशीत म्हणाला. "जुनं आईल आन् डिझेल. गंज धरत न्हाय, काळं कुळकुळीत दिसतंय."

"मीच सांगितलं," आई म्हणाली. "वरून धुऊन काय उपयोग? घेणारं माणूस वाकून बुडच बघतंय."

ट्रकच्या बुडाला हे चालतं. आमच्या गाडीच्या पोटाखालून दोन टर्बोंचे तापलेले पाइप जातात. मी काकांना सांगायला वळले, तोवर एक पांढरी गाडी ढाब्यासमोर थांबली आणि अत्तराचा वास घेऊन गिऱ्हाईक खाली उतरलं. अनोळखी माणसापुढं मला नेहमी होतं तेच झालं. तोंड उघडलं आणि चहाच दिला.

गिऱ्हाईक साठीचे होते, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, बोलणं दख्खनी. त्यांनी खरंच वाकून बूड बघितलं. आईनं माझ्याकडं विजयानं पाहिलं.

"कौन चलाता?" त्यांनी विचारलं.

"ही. माझी पुतणी," काका म्हणाले.

"ये बच्ची? तो येच दिखाएगी."

ते माझ्या शेजारी बसले, काका मागं. आई डबा उघडून ढाब्याच्या खाटेवर राहिली. मी सावकाश चालवत होते. सावकाश चालवली तर तेल हळूहळू जळून जाईल, असा हिशेब होता.

"बैलगाड़ी लेने कू नै आया मैं," ते म्हणाले. "दबाओ बेटा."

समोर चार पदरी रस्ता मोकळा होता. मी दाबलं. दोन्ही भाते भरले आणि ते गृहस्थ सीटमध्ये रुतले. "वल्ला!" एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही सगळं विसरले होते. मग वेग कमी केला, आणि बॉनेटच्या फटीतून, चाकांच्या मागून, दारांच्या खालून पांढरा धूर वर आला. आरशात मागचा रस्ता दिसेना. एक ट्रकवाला हॉर्न मारत गेला आणि त्याच्या क्लीनरनं खिडकीतून हात जोडले.

मी कडेला घेतली. तिघंही उतरलो. गाडी चुलीसारखी धुमसत होती.

"गए," ते म्हणाले. "दोनों टर्बो गए, मियाँ."

काकांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. गाडीच्या छतावर तळहात ठेवून ते उभे राहिले, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यांना फवारणीचं ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक असलेली तिथं मी एकटीच.

आणि मला करायचं काहीच नव्हतं. गप्प राहायचं, एवढंच. तेच तर मला सगळ्यात चांगलं येतं. पाहुणे निघून गेले असते, गाडी घरी आली असती, बिघडलेली म्हणून कुणी मागितली नसती, आणि धूर तर दुपारपर्यंत आपोआपच गेला असता.

"दिखाने की गाड़ी है ये," पाहुणे रुमालानं हात पुसत म्हणाले. "अंदर से खोखली."

खोखली! माकडं, शेळी, स्पीकर, त्या दारादारांतले गतिरोधक, यातून एकदाही न कुरकुरलेली गाडी!

"टर्बो नाही गेलेत," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"बुडाला फवारणी मारलीय. ऑइल आणि डिझेलची. आत्ता, ढाब्यावर. आईनं सांगितलं म्हणून. ते पाइपवर जळतंय. टर्बो गेले असते तर धूर सायलेन्सरमधून आला असता. बघा, तिथं काहीच नाही."

एवढं सलग मी बँकेतही बोललेली नाही. पाहुणे वाकले, चाकामागं बोट लावलं, वास घेतला आणि मोठ्यानं हसले. "लारी की फवारणी? इस कू?" काकांनी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच श्वास सोडला.

"फिर तो बात पक्की," पाहुणे म्हणाले. "चलो, बैठ के बात करते."

"नाही," मी म्हणाले.

हे कुठून आलं मला माहीत नाही. बहुधा तोंड एकदा सुरू झाल्यावर बंद कसं करायचं याचा सराव नव्हता.

"काका, मला हवीय गाडी."

"तुला?"

"हो. मला."

"अगं, मी विचारलं होतं की घरात! तू एक शब्द बोलली नाहीस."

"तुम्ही जेवताना विचारलंत. सगळ्यांसमोर."

"मग काय अर्ज मागवायला पाहिजे होता?" काका ओरडले. "पेट्रोल कोण घालणार? टायर? त्याचे पार्ट सातासमुद्रापलीकडून येतात!"

"मी. पगार आहे मला."

काका माझ्याकडं बघत राहिले, मग पाहुण्यांकडं. पाहुण्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे मियाँ, गिऱ्हाईक तुम्हारे घर में बैठा है, तो मेरे कू कायकू इतनी दूर दौड़ाए?"

"मला तरी कुठं माहीत होतं," काका म्हणाले. "ते बोलतच नव्हतं."

ढाब्यावर काकांनी त्यांना जेवू घातलं. माफी मागायला गेले तर ते म्हणाले, डिझेलच्या वासाची गाडी मलाही नकोच होती. जाताना मला म्हणाले, "बेचना हुआ तो पहले मेरे कू फोन करना. लेकिन तू करेगी नै."

आईला सगळं कळलं तेव्हा तिला वेगळंच वाईट वाटलं. "म्हंजे फवारणी वाया गेली म्हणायची." मग तिनं ढाब्याशेजारच्या टपरीवरून भोपळे घेतले, ओसरीत ठेवले आणि पुढच्या सीटवर बसली. काका न सांगता मागं गेले.

सोलापूरला पेट्रोल भरायला थांबलो. नळी लावता लावता पंपावरची बाई गाडीकडं बघत म्हणाली, "लईच लांब हाय की. कुणाची गाडी?"

सवयीनं माझा हात काचेच्या बटणावर गेला. मागं काका खिडकीतून बाहेर, काहीही नसलेल्या एका भिंतीकडं मन लावून बघत होते.

"माझी," मी म्हणाले.

"व्हय? आन् ॲव्हरेज किती देती?"

मी आरशात बघितलं. काकांनी डोक्याला हात लावला होता. मी तिला खरा आकडा सांगितला. तिनं नळी तशीच धरून एकदा गाडीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग या परत, लौकर."