केकसाठी राखलेलं ताक

समस्त कुटुंबीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, फ्रीजरमधल्या पांढऱ्या वड्या बर्फाच्या नसून ताकाच्या आहेत आणि त्या फक्त केकसाठी राखीव आहेत!

आज बर्फाच्या ट्रेमध्ये ताक ओतताना तो आंबट वास आला आणि मी थेट लातूरच्या सासरच्या स्वयंपाकघरात पोहोचले. लग्नानंतर पहिल्यांदाच आई चाकूरहून यायची होती. तिला अंडं चालत नाही, म्हणून ताकातला केक करणार, असं मी गल्लीभर मिरवलं होतं. मैदा-सोडा चाळून झाला, ओव्हन तापला आणि ताकाचा गंज, म्हणजे उभट पातेलं, उघडला, तर वर पिवळसर पाणी!

"नासलं का गं?" सासूबाई कुजबुजल्या.

मी वास घेतला. आंबट होता, कुबट नव्हता. बुरशी दिसेना. ढवळल्यावर पाणीही मिसळलं. तरी चाखायचा धीर होईना. आईला बाधलं तर? आज त्या भीतीचं हसू येतं.

त्या घरात ताकाचा निकाल मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जिभेवर लागायचा. त्यांना हाक गेली. त्यांनी दोन्ही हातांनी गंज उचलला, डोळे मिटले आणि तोंडाला लावला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. त्यांचा कंठमणी वर-खाली होत होता, होतच राहिला. शेवटी रिकामा गंज ओट्यावर ठेवून त्यांनी मिशा पुसल्या.

"उगं भिऊन राहिल्या तुम्ही! एक नंबर हाय ताक. घाल बिनधास्त केकात!"